सासऱ्यांच्या मानेतली गाठ
वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कमी वयातल्या रक्तदाबाबद्दल लिहिताना फिओक्रोमोसायटोमाचा ओझरता उल्लेख केला होता. मूत्रपिंडाच्या वर बसलेली, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची ॲड्रिनल ग्रंथी. तिच्या गाभ्यात ही गाठ होते आणि मनाला येईल तेव्हा ॲड्रिनॅलिन, नॉरॲड्रिनॅलिन रक्तात सोडते. मग डोकं ठणकतं, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, रक्तदाब भलताच चढतो आणि थोड्या वेळाने सगळं शांत. वर्षाला दहा लाखांत दोन ते आठ जणांना होणारा हा आजार, पण पत्रं आली ती जणू दर सोसायटीत एक रुग्ण असावा अशी. 'मलाही घाम येतो' या स्वरूपाची पत्रं बाजूला ठेवली आहेत. ठाण्यात मे महिन्यात सगळ्यांनाच येतो. ज्यांच्या घरात ही गाठ खरोखर निघाली आहे त्यांचे प्रश्न मात्र महत्त्वाचे आहेत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

प्रश्न : माझ्या धाकट्या दिराला (वय ३४) काही वर्षं घामाचे आणि धडधडीचे झटके येत होते. टेन्शनच्या गोळ्या झाल्या, योगासनं झाली. शेवटी सीटी स्कॅनमध्ये उजव्या ॲड्रिनलवर गाठ दिसली. ऑपरेशन झालं, आता तो बरा आहे. पण नंतरच्या रक्ततपासणीत 'एसडीएचडी' जनुकात दोष आहे असं आलं आणि डॉक्टरांनी भावंडांना तपासून घ्यायला सांगितलं. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात असलं काही नाही. सासरे हार्ट ॲटॅकने गेले. त्यांच्या मानेत एका बाजूला गाठ होती, पण ती कधी दुखली नाही. माझे मिस्टर तपासणीचं नाव काढू देत नाहीत. आम्हाला १२ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा आहे. नणंदेलाही एक मुलगा, एक मुलगी. ती तर रडकुंडीला आली आहे. कुणी कुणी तपासायचं? — एक गृहिणी, कोपरखैरणे

उत्तर : ताई, पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे : सासऱ्यांच्या मानेतली गाठ.

ॲड्रिनलच्या गाभ्यात ज्या जातीच्या पेशी असतात, त्यांचे भाऊबंद शरीरात इतरत्रही असतात : मानेत, छातीत, पोटात, पाठीच्या कण्याच्या कडेने. तिथे गाठ झाली की तिला पॅरागँग्लिओमा म्हणतात. मानेत मेंदूकडे जाणारी रोहिणी जिथे दुभंगते तिथे यातलाच एक तांदळाच्या दाण्याएवढा पुंजका असतो आणि रक्तात प्राणवायू किती आहे हे तो पाहत असतो. एसडीएचडीच्या दोषात ॲड्रिनलपेक्षा मानेतल्या गाठीच जास्त दिसतात. त्या सावकाश वाढतात, बहुतेकदा हार्मोन सोडत नाहीत आणि दुखत नाहीत. 'दुखत नाही म्हणजे साधी गाठ' हा आपल्याकडचा समज इथे पार फसवा ठरतो. सासऱ्यांची गाठ तीच होती असं मी इथून सांगू शकत नाही. पण जुन्या फायली काढा; एखादा सोनोग्राफीचा कागद कपाटात तळाशी असतो. नसला तर अल्बम काढा. लग्नातले फोटो उपयोगाचे नाहीत, त्यात कॉलर आणि हार असतात. गणपतीची आरास करताना बनियनवर उभे असलेले सासरे एखाद्या फोटोत असतील, त्यात जबड्याच्या कोनाखाली फुगवटा दिसतो का बघा. मी पेशंटच्या नातेवाइकांना हे काम देते आणि ते आनंदाने करतात.

आता वारशाचं. दोष असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. एसडीएचडीची गंमत याच्या पुढे सुरू होते. दोष वडिलांकडून आला तरच गाठी होतात. आईकडून आला तर माणूस तो आयुष्यभर बाळगतो, पण त्याला गाठ जवळपास कधीच होत नाही. वैद्यकीय वाङ्मयात अपवाद आहेत, पण अगदी मोजके. कारण थोडक्यात असं : गाठ तयार होताना पेशीतून आईकडून आलेलं अकरावं गुणसूत्र गळून पडतं. एसडीएचडी त्याच गुणसूत्रावर असतं आणि पेशीच्या वाढीला आवर घालणारी, फक्त आईकडच्या प्रतीतून चालणारी जनुकंही त्याच्यावरच असतात. वडिलांकडची प्रत सदोष आणि आईकडचं गुणसूत्र गायब, असे दोन्ही घाव एकदम बसतात. सदोष प्रत आईकडची असेल तर गुणसूत्राबरोबर दोषच निघून जातो.

हे तुमच्या घरावर मांडून बघू. दोष सासऱ्यांचा धरला तर तुमचे मिस्टर, दीर आणि नणंद, तिघांपैकी ज्याला तो आला असेल त्याला वडिलांकडूनच आला असणार. दिराला आला आहे. मिस्टरांना असेल तर त्यांना स्वतःला धोका आहे आणि तुमच्या दोन्ही मुलांना तो मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. नणंदेला असेल तर धोका तिला स्वतःला आहे. तिच्या मुलांना दोष मिळाला तरी तो आईकडून आलेला, म्हणून त्यांना गाठ होण्याची भीती नगण्य. तिला हे आजच फोन करून सांगा, रडायचं कारण निम्म्याहून कमी होईल. मात्र तिच्या मुलाला दोष मिळाला तर त्याच्या मुलांना, म्हणजे नणंदेच्या नातवंडांना, तो वडिलांकडून मिळेल आणि तिथे गाठी पुन्हा उगवतील. तिच्या मुलीकडून पुढे गेला तर पुन्हा एक पिढी गप्प. सासूबाई 'आमच्या घराण्यात नाही' म्हणतात त्यात त्यांचा दोष नाही. हा आजार मध्येच एखादी पिढी गायब होतो आणि लोकांना वाटतं, आभाळातून पडला.

मागेही जायला हवं. सासऱ्यांची गाठ खरोखर याच दोषाची असेल तर तो त्यांना त्यांच्या वडिलांकडून आला असणार. म्हणजे चुलत सासरे आणि आतेसासूबाई दोघांनाही कळवायला हवं. चुलत दीर-नणंदांना धोका संभवतो. आतेसासूबाईंच्या मुलांना जवळपास नाही. जमिनीच्या वाटणीवरून बोलणं बंद असेल तर किमान रिपोर्टची झेरॉक्स पोस्टाने पाठवा. ठाणे जिल्ह्यात भाऊबंदकीमुळे किती तपासण्या अडल्या आहेत याचा कुणी हिशेब ठेवलेला नाही, पण माझ्या टेबलासमोर ही गोष्ट वारंवार येते.

तपासणीचा क्रम चुकवू नका. आधी मिस्टर, मुलं नंतर. मिस्टरांमध्ये दोष नसेल तर मुलांना काहीही करावं लागणार नाही, विषय तिथेच संपला. त्यांनी जनुकांचं मोठं पॅनेलही करायचं नाही. दिराच्या रिपोर्टात जो नेमका बदल लिहिला आहे तेवढाच शोधायचा. खर्च बराच कमी येतो, पण दिराच्या रिपोर्टची प्रत सोबत लागते. मिस्टरांमध्ये दोष निघाला तर मुलीची तपासणी आता करावी; एसडीएचडीसाठी मुलांची तपासणी १० ते १५ या वयात करावी असं तज्ज्ञांचं मत आहे. मुलगा थांबू शकतो. ज्यांच्यात दोष निघेल त्यांना वर्षाला एकदा रक्तदाब आणि मेटानेफ्रिनची (ॲड्रिनॅलिनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाची) तपासणी (लहानांना मेटानेफ्रिन दोन वर्षांतून एकदा) आणि दर दोन-तीन वर्षांनी मानेपासून ओटीपोटापर्यंत एमआरआय. सीटी नको, वर्षानुवर्षं क्ष-किरणांचा मारा कशाला? दिरालाही 'बरा झालो' म्हणून सुट्टी नाही. त्याला हीच तपासणी आयुष्यभर.

मिस्टर राहिले. तपासणी न करण्याचा हक्क त्यांना आहे, आणि रात्री जेवणाच्या ताटावर हा विषय काढला तर ते तो बजावणारच. भाऊ पुढच्या वेळी दाखवायला जाईल तेव्हा सोबत म्हणून त्यांना पाठवा. बायकोने दहादा सांगितलेलं जे पटत नाही ते भावाने एकदा सांगितलं की पटतं. मला हे आवडत नाही, पण मी त्याचा उपयोग करते. समुपदेशनासाठी खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये आणि परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कर्करोग-जनुकशास्त्राचे विभाग आहेत. तुम्हाला खारघर पनवेल लोकलने सरळ पडेल.

प्रश्न : माझ्या वडिलांची (वय ६१) ॲड्रिनलची गाठ काढली. आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत कुणालाही असला आजार नाही. तरी डॉक्टरांनी जनुकीय तपासणी लिहून दिली. स्पष्ट विचारतो, हा लॅबचा धंदा तर नाही? — नौपाडा, ठाणे

उत्तर : स्पष्ट विचारलंत ते बरं केलंत. धंदा अनेक तपासण्यांत असतो, या तपासणीत नाही.

आम्ही शिकत होतो तेव्हा या गाठीला 'दहाचा नियम' लावायचे : दहा टक्के आनुवंशिक, दहा टक्के दोन्ही बाजूंना, दहा टक्के कर्करोगी. परीक्षेत लिहायला सोयीचा नियम. २००२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी घरात कुणालाही आजार नसलेल्या २७१ रुग्णांची जनुकं तपासली, तर जवळपास एक चतुर्थांश लोकांमध्ये जन्मजात दोष सापडला. तेव्हा चारच जनुकं तपासली होती. आज वीसच्या आसपास माहीत आहेत आणि एकूण रुग्णांपैकी ३० ते ४० टक्क्यांत जन्मजात दोष मिळतो. इतकं मोठं आनुवंशिक प्रमाण दुसऱ्या कुठल्याच गाठीत नाही. म्हणून वय आणि घरचा इतिहास काहीही असो, प्रत्येक रुग्णाशी या तपासणीबद्दल बोलावं असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. साठीनंतर, एकाच बाजूला, एकच गाठ असेल तर काही सापडण्याची शक्यता कमी असते हे खरं, पण शून्य नसते.

'घरात कुणालाही नाही' या वाक्यावर माझा फारसा विश्वास नाही. वंशावळ काढायला मी कोरा कागद घेते : पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यांवर तिरकी रेघ. मुलगा सांगतो, सगळे वयोमानाने गेले. मग सोबत आलेली आजी तोंड उघडते. हा चाळिशीत उभ्याउभ्या गेला. ही बाळंतपणात गेली, एकाएकी दाब चढला. तो हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला गेला आणि टेबलावरच राहिला. यातल्या प्रत्येकाला ही गाठ होती असं मुळीच नाही. पण माहीत नसलेली फिओक्रोमोसायटोमा भूल देताना किंवा प्रसूतीत जीव घेऊ शकते, त्यामुळे असे मृत्यू मी कागदावर गोल करून ठेवते. काही जनुकं तर अशी की दोष असलेल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर काहीच होत नाही. एसडीएचडीचं भावंड, एसडीएचबी, त्यातलं. त्याची गाठ झाली तर मात्र ती शरीरात पसरण्याची भीती इतर जनुकांपेक्षा जास्त, म्हणून ते माहीत असणं गरजेचं.

पैशाची अडचण असेल तर एक मधला मार्ग आहे. काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात ठेवलेला असतो. त्यावर 'एसडीएचबी इम्युनो' हे रंगकाम करून घ्या. पेशी रंगल्या नाहीत तर एसडीएचच्या कुटुंबातलं कुठलं तरी जनुक बिघडलं आहे असा अंदाज बांधता येतो. बाकीची जनुकं त्यात कळत नाहीत, एवढी मर्यादा.

रिपोर्टात 'व्हीयूएस' आलं, म्हणजे बदल आहे पण अर्थ अनिश्चित, तर त्यावरून भावंडांना धावपळ करायला लावू नका. तो दोष म्हणून धरायचा नसतो. आपल्याकडे असे निकाल जास्त येतात, कारण जगातल्या माहितीसाठ्यांत भारतीय माणसं कमी आहेत. 'जीनोम इंडिया' प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचून झाले आहेत, त्याने फरक पडेल. दोन-तीन वर्षांनी लॅबला विचारा, वर्गीकरण बदललं का?

प्रश्न : क्रेब्ज चक्र (पेशी अन्नातून ऊर्जा काढते ती रासायनिक साखळी) शिकताना एसडीएच हे ऊर्जा तयार करणारं एन्झाइम म्हणून शिकलो. ते बिघडलं तर पेशी अशक्त व्हायला हवी. तिची गाठ कशी होते? — एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : हा प्रश्न २००० साली भल्याभल्यांना पडला होता. त्या वर्षी एसडीएचडीचा दोष मानेतल्या गाठींच्या मुळाशी सापडला, आणि मायटोकाँड्रियातलं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातलं, एन्झाइम गाठीला आवर घालतं हे पहिल्यांदा दिसलं.

एसडीएच सक्सिनेटचं फ्युमरेट करतं. त्याचे ए, बी, सी, डी असे चार भाग आणि एएफ-२ नावाचा जुळणीचा मदतनीस. यातला एक निकामी झाला की सगळं एन्झाइम मोडतं. मग गायमुखच्या घाटात एक कंटेनर बंद पडला की कासारवडवलीपर्यंत गाड्या तुंबतात, तसं सक्सिनेट तुंबतं. ऊर्जेची तूट पेशी कशीबशी भागवते. खरा घोटाळा करतं ते हे तुंबलेलं सक्सिनेट.

पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन सतत बनत असतं आणि प्राणवायू पुरेसा असेल तर सतत नष्टही होत असतं. नष्ट व्हायच्या आधी काही एन्झाइमं त्याच्यावर खूण करतात. ती खूण ओळखून व्हीएचएल हे प्रथिन त्याला विल्हेवाटीला पाठवतं. सक्सिनेट साचलं की खूण करणारी एन्झाइमं बंद पडतात. एचआयएफ साचत जातं आणि रक्त प्राणवायूने भरलेलं असतानाही पेशी गुदमरल्यासारखी वागू लागते : नव्या रक्तवाहिन्या मागवते, वाढत राहते. याच यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. केलिन यांचं काम व्हीएचएलवरचंच. आता तुझ्या लक्षात येईल की व्हीएचएल जनुकाच्या दोषातही फिओक्रोमोसायटोमा का होतो. खूण झाली, पण ओळखणारा नाही; परिणाम तोच. त्या घरांत डोळ्याच्या पडद्यावर, लहान मेंदूत रक्तवाहिन्यांच्या गाठी आणि मूत्रपिंडाचा कर्करोगही दिसतो.

निसर्गाने याचा पुरावा आधीच देऊन ठेवला होता. पेरू देशात अँडीजच्या उंचीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांत मानेतल्या प्राणवायू पाहणाऱ्या त्या पुंजक्याच्या गाठी समुद्रसपाटीवरच्या लोकांपेक्षा जास्त आढळतात. त्यांना प्राणवायू खरोखर कमी मिळतो.

पुढे वाचायचं असेल तर दोन धागे देते. एसडीएच आणि व्हीएचएलमध्ये दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. रेट या गाठीच्या आणखी एका जनुकात एकच बिघडलेली प्रत पुरते, कारण तिथे प्रथिन बंदच होत नाही. दुसरा धागा बेल्झुटिफान या औषधाचा. ते एचआयएफ-२ अल्फाला अडवतं. अमेरिकेत त्याला व्हीएचएलच्या गाठींसाठी २०२१ मध्ये आणि ऑपरेशनने न निघणाऱ्या किंवा पसरलेल्या फिओक्रोमोसायटोमासाठी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. क्रेब्ज चक्र पाठ करायला कंटाळणाऱ्या तुझ्या मैत्रिणींना हे जरूर सांग.

प्रश्न : माझ्या नवऱ्याच्या दोन्ही ॲड्रिनलमध्ये गाठी निघाल्या, मग थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर निघाला. जनुक रेट, कोडॉन ६३४ (जनुकातली दोषाची नेमकी जागा). आमच्या चार वर्षांच्या मुलीतही तोच दोष आहे. डॉक्टर म्हणतात, पाच वर्षांच्या आत तिची थायरॉइड काढून टाकू. तिला काहीही होत नाहीये! घरचे म्हणतात, धडधाकट पोरीला कापायचं कशाला, मोठी झाल्यावर बघू. — नेरुळ

उत्तर : डॉक्टर बरोबर सांगताहेत. यात मी घरच्यांची बाजू घेणार नाही.

१८८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला मिना रोल नावाची अठरा वर्षांची मुलगी धडधड, डोकेदुखी, घाम अशा झटक्यांनी गेली. शवविच्छेदनात दोन्ही ॲड्रिनलमध्ये गाठी निघाल्या. फेलिक्स फ्रेंकेल यांनी ते लिहून ठेवलं. या आजाराची वैद्यकातली ती पहिली नोंद. गाठीला फिओक्रोमोसायटोमा हे नावसुद्धा नंतर, १९१२ मध्ये मिळालं. १२१ वर्षांनी, २००७ मध्ये, संशोधकांनी तिच्या नातेवाइकांचा माग काढला, तर त्यांच्यात रेट जनुकाचा दोष सापडला, आणि तोही कोडॉन ६३४ चाच. मिनाच्या घरच्यांना कुणी काही सांगू शकलं नाही, कारण सांगण्यासारखं काही ठाऊकच नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे.

या कोडॉनच्या दोषात मेड्युलरी कॅन्सर जवळपास ठरलेला असतो आणि लहानपणीच सुरू होऊ शकतो. तो थायरॉइडबाहेर पडला की पूर्ण बरा करणं कठीण. या कॅन्सरवर रेडिओआयोडीनही चालत नाही. म्हणून पाचव्या वर्षापर्यंत, रक्तातलं कॅल्सिटोनिन (या कॅन्सरची चाहूल देणारं हार्मोन) आणि मानेची सोनोग्राफी बघून, ग्रंथी काढतात. नंतर रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची एक गोळी. मुली शाळेत जातात, वाढतात, पुढे त्यांना मुलं होतात.

घासाघीस करायची तर वेगळ्या गोष्टीसाठी करा. सर्जनला विचारा, लहान मुलांच्या थायरॉइडची ऑपरेशनं तुम्ही किती करता? ग्रंथीच्या मागे कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारीक पॅराथायरॉइड ग्रंथी असतात आणि शेजारून आवाजाची नस जाते. चार वर्षांच्या मुलीत हे सगळं किती नाजूक असतं, विचार करा. घराजवळचं हॉस्पिटल हा इथे निकष नाही. जिथे हे काम नेहमी होतं तिथे जा, मग परळला जावं लागलं तरी जा. ॲड्रिनलची तपासणी साधारण अकराव्या वर्षापासून दरवर्षी. आणि नवऱ्याच्या भावंडांना कळवलंत का? पत्रात त्यांचा उल्लेखच नाही.

प्रश्न : मुतखड्यासाठी केलेल्या सीटीत डाव्या ॲड्रिनलवर २.८ सें.मी.ची गाठ दिसली. सुईने तुकडा काढून तपासू, असं एकांनी सुचवलं. करू का? — सेवानिवृत्त, घोडबंदर रोड

उत्तर : आत्ता करू नका. आधी मेटानेफ्रिन, मग बाकी सगळं. फिओक्रोमोसायटोमात सुई गेली तर रक्तदाबाचं वादळ उठू शकतं. अशा अवचित सापडलेल्या बहुतेक गाठी ॲड्रिनलच्या बाहेरच्या थराच्या, निरुपद्रवी असतात. सीटीच्या रिपोर्टात इंजेक्शनशिवायची घनता दहा एचयूपेक्षा कमी लिहिली असेल तर फिओक्रोमोसायटोमा जवळपास बाद. कॉर्टिसॉलची, आणि रक्तदाब असेल तर अल्डोस्टेरॉनचीही तपासणी करून घ्या.

मेटानेफ्रिनचं रक्त वीस ते तीस मिनिटं आडवं पडून मग द्यायचं असतं. सोफ्यावर टेकून नव्हे, आडवं. तुमच्याच रस्त्यावरच्या एका टॉवरमधल्या गृहस्थांचा रिपोर्ट थोडा वाढलेला आला आणि घरात रडारड झाली. विचारल्यावर कळलं, रक्त न्यायला आलेल्या मुलाला वॉचमन गेटवर सोडेना, म्हणून हे खाली गेले, कडाक्याचं भांडण केलं, वर आले आणि हात पुढे केला. लॅबमध्ये नीट झोपवून पुन्हा रक्त घेतलं, नॉर्मल. सर्दीच्या गोळ्या आणि नैराश्याची काही जुनी औषधं आकडे वाढवतात, तर काही पद्धतींत पॅरासिटामॉलही गोंधळ घालतं. घेत असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना द्या, मनाने काही बंद करू नका. आणि मेटानेफ्रिन खरंच खूप वाढलेलं निघालं तर धडधडीसाठी बीटा ब्लॉकर आधी सुरू करायचा नसतो. आधी एक-दोन आठवडे अल्फा ब्लॉकर, भरपूर पाणी, मीठ, मग गरज पडल्यास बीटा, मग ऑपरेशन. हा क्रम उलटला तर जिवावर बेतू शकतं.

थोडक्यात उत्तरं

*मामाच्या मुलीशी लग्न झालंय, त्यामुळे असं झालं का? (कळवा)* — नाही. या गाठींच्या बहुतेक जनुकांत एका पालकाकडून आलेला दोष पुरतो. नातं असो वा नसो, शक्यता तीच.

*अंगावर कॉफीच्या रंगाचे चट्टे आहेत, त्याचा या गाठीशी संबंध असतो? (ऐरोली)* — एखाद-दुसरा चट्टा असेल तर काळजी नको. सहा किंवा जास्त असतील, सोबत मऊ गाठी किंवा काखेत ठिपके असतील तर एनएफ-वन या आजारासाठी दाखवा. त्यात ही गाठ होऊ शकते, पण थोड्यांनाच.

*जनुकीय दोष निघाला तर मेडिक्लेम मिळणार नाही, म्हणून तपासत नाही. (खारघर)* — विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे की केवळ 'जनुकीय आजार' या कारणावरून दावा नाकारायचा नाही. पॉलिसी घेताना विचारलेलं मात्र लपवू नका. दावा अडतो तो त्यामुळे. अजून पॉलिसीच नसेल तर आधी ती घ्या, तपासणी त्यानंतर महिन्याभराने केलीत तरी चालेल. मात्र झटके येत असतील, तर तपासणी आधी.